साधी पुडी

"सतरा."

"नीट मोज."

"आई, मी परीक्षा विभागात बसते. दिवसभर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजते. माझ्या सतराचे अठरा व्हायचे नाहीत."

सासूबाईंनी हातातला डबा टेबलावर ठेवला. झाकण अजून उघडलेलं नव्हतं, तरी संत्र्याच्या सालींचा वास स्वयंपाकघरभर होता. आठ दिवस आमच्या घरात दुसरं काही शिजलंच नव्हतं म्हटलं तरी चालेल. साली भिजवा, पाणी बदला, उकळा, पुन्हा पाणी बदला, मग साखरेच्या पाकात मुरवा आणि जाळीवर वाळवा. थंडी पडली आणि संत्री गोड झाली की हा उद्योग ठरलेला. सोबत आल्याची बिस्किटं. प्रत्येकाला दोन बिस्किटं आणि मूठभर साली, कागदाच्या पुडीत. पुडीच्या तोंडावर त्याच कागदाच्या पट्टीची काहीतरी गंमत घडी घालून खोचलेली.

गंमत ज्याची त्याची ठरलेली. माझा नवरा लहानपणी गटारात होड्या सोडायचा, म्हणून त्याला होडी. चाळीशी उलटली तरी होडीच. आमची मुलगी पलंगावरून उड्या मारायची म्हणून तिला आजीने 'बेडूकराव' नाव ठेवलेलं, आणि तिला उडी मारणारा बेडूक. खालच्या शिंप्याला सदरा. मला पंखा.

"पंखा का हो?" असं मी लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी विचारलं होतं.

"डोकं थंड राहावं म्हणून," सासूबाई म्हणाल्या होत्या. त्यांच्या तोंडाला लागण्यात अर्थ नव्हता, हे मला तेव्हाच कळलं.

आणि एक पुडी स्वतःची. तिच्यावर काही नाही. नुसती पांढऱ्या कागदाची, दवाखान्यातल्या औषधाच्या पुडीसारखी. सगळ्यांची वाटून झाली की संध्याकाळच्या चहाबरोबर त्या ती सोडून खायच्या. आम्ही तिला 'साधी पुडी' म्हणायचो.

दवाखान्यातल्यासारखी, कारण त्यांनी एकतीस वर्षं एका दवाखान्यात काम केलं, त्यातली बरीचशी पुड्या बांधण्यात. गोळ्यांच्या पाकिटांच्या आधीचा काळ तो. डॉक्टर चिठ्ठीवर लिहायचे, कंपाउंडर पूड कुटायचा आणि सासूबाई पुड्या करायच्या. त्या कामाची पद्धत एकच: आधी सगळे कागद मांडायचे, मग प्रत्येकावर औषध, मग घड्या. औषध टाकताना मोजायचं नाही, घडी घालताना मोजायचं नाही. जे काय मोजायचं ते कागद मांडताना हातानेच मोजायचं.

घरीही तेच. यादी नाही, काही नाही. खिडकीबाहेर बघत, माझ्याशी बोलत त्या टेबलावर कागद टाकत जायच्या. कागदही ज्याचा त्याचा ठरलेला. शिंप्याचा खाकी, त्याच्याच दुकानातला. बेडूकरावांचा हिरवा. माझा लाल, जुन्या कॅलेंडरचा. नवऱ्याचा निळा, कारण तो लिफ्टचा मेकॅनिक आणि लिफ्टच्या जुन्या नकाशांचे निळे कागद घरात ढिगाने. त्यांचा स्वतःचा पांढरा, अगदी त्यांच्या हाताशी, टेबलाच्या कोपऱ्यात.

गेल्या वर्षी अठरा जण होते आणि कागद सतरा होते.

आता कोणी म्हणेल, म्हातारं माणूस, एखादा विसरलं, त्यात काय एवढं? मीही एकेकाळी असंच म्हणाले असते. सहा वर्षांपूर्वी शिंप्याच्या बायकोची पुडी राहिली. "अगं बाई, विसरलेच की," एवढंच सासूबाई म्हणाल्या. महिन्याभरात शिंपीणकाकू गेल्या. मला तेव्हा त्यात काही दिसलं नाही. चार वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांची राहिली. सासरे त्या दिवशी चष्मा लावून पेपर वाचत समोर बसलेले. बायको आपल्याला विसरली म्हणून त्यांनी दिवसभर तिची थट्टा केली. सतराव्या दिवशी आंघोळ करून आले, टॉवेल वाळत घातला आणि दारातच बसले, ते उठलेच नाहीत.

तेव्हा भेटायला आलेल्या कंपाउंडरकाकांनी मला जिन्यात गाठलं. सासूबाईंबरोबर तीस वर्षं काम केलेला माणूस, उगाच काही बोलणारा नव्हे.

"पुडी राहिली होती का?" त्यांनी विचारलं.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी कशाला सांगायला हवं? दवाखान्यात तीनदा झालंय. डॉक्टरांनी लिहिलं बारा, हिने मांडले नऊ. डॉक्टर ओरडले. पण तो माणूस दहाव्या पुडीपर्यंत राहिलाच नाही. दोनदा झालं तोवर आम्ही हसण्यावारी नेलं. तिसऱ्यांदा एक लहान मुलगी होती. हिच्या लक्षात आलं, तर हिने स्वतःच्या हाताने तीन कागद वाढवले, वर तीन जास्तीच्या पुड्या बांधून दिल्या. मुलीच्या बापाने त्या परत आणून दिल्या. न सोडलेल्या. दुसऱ्या दिवसापासून हिने पुड्यांचं काम सोडलं. बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत बसली निवृत्त होईपर्यंत."

मी काकांना म्हटलं, योगायोग असतात. काका म्हणाले, हो, असतात, आणि जिना उतरून गेले.

म्हणून त्या रविवारी सकाळी सतरा कागद मोजल्यावर मी टेबलावर वाकले. मी रंग बघू लागले. खाकी होता. हिरवा होता. देवाशपथ सांगते, आधी हिरवा शोधला आणि तो दिसल्यावर जीव भांड्यात पडला. लाल होता. पांढरा कोपऱ्यात होता.

निळा नव्हता.

"आई," मी म्हटलं, "निळा राहिला."

त्यांनी टेबलाकडे पाहिलंच नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या, म्हणजे त्यांना आधीच कळलं होतं.

"कुठे गेलाय तो?" त्यांनी विचारलं.

"कामावर. नऊ मजली इमारतीतली लिफ्ट अडकलीये, सकाळी सातला फोन आला होता."

मी फोन लावला. लागला नाही. लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरला की त्याचा फोन कधीच लागत नाही, हे मला पंधरा वर्षं माहीत आहे. त्या दिवशी मात्र 'संपर्क होऊ शकत नाही' हे वाक्य पाच वेळा ऐकूनही मी सहाव्यांदा फोन लावला.

"घ्या ना एक निळा," मी म्हणाले. "एवढा ढीग पडलाय. हा घ्या, मी कापून देते. मांडा."

"वाढवता येत नाही गं."

"का नाही येत? कागद आहे, हात आहेत!"

"वाढवलेला कागद नुसता कागद असतो. मी वाढवून पाहिलंय." त्या खुर्चीवर बसल्या. "हात जेवढे मांडतात तेवढेच."

मग माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. त्यांच्या हातांना, त्यांच्या पुड्यांना, त्या सालींना, सगळ्यांना नावं ठेवली. असले हात घेऊन माणसाने पुड्या बांधूच नयेत, असंही म्हणाले. सकाळची नऊची वेळ, बाहेर लख्ख ऊन, शेजारी कोणीतरी सायकल धूत होतं, आणि मी माझ्या सत्त्याहत्तर वर्षांच्या सासूला तिच्याच मुलावरून ओरडत होते. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांचे हात मांडीवर होते आणि ते थरथरत होते. मी ते हात कधी थरथरताना पाहिले नव्हते.

"झालं तुझं?" त्या म्हणाल्या. "मग उचल सगळे. पुन्हा मांडू."

"पुन्हा मांडून काय होणारे?"

"उचल तर."

मी सतरा कागद गोळा करून त्यांच्यासमोर ठेवले. वर एक निळाही ठेवला. त्या म्हणाल्या, "तू गॅसकडे बघ. उरलेला पाक उतू जाईल."

मी गॅसकडे वळले. पाक काही उतू जात नव्हता. तरी मी त्याच्याकडे बघत राहिले. मागे कागद टेबलावर पडण्याचा आवाज येत होता, एकेक, सावकाश. नेहमी त्या पत्ते वाटल्यासारखे झरझर टाकायच्या. त्या दिवशी दोन कागदांच्या मध्ये श्वास घेण्याएवढा वेळ जात होता. आणि त्या बोलत नव्हत्या.

"हं. मोज."

मी वळले आणि मोजले.

"सतरा."

"तेवढेच असणार. नीट बघून सांग. सगळे आहेत ना?"

मी नीट पाहिलं. खाकी, हिरवा, लाल, सगळे होते. आणि टेबलाच्या कोपऱ्यात, अगदी त्यांच्या हाताशी, निळा होता.

तिथे पांढरा असायला हवा होता. तो डब्याखाली होता. त्याचं एक टोक बाहेर आलेलं मला दिसत होतं.

यानंतर किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. एक माणूस तोंड उघडून चार शब्द बोलू शकेल एवढा नक्की गेला. 'आई, तुमचा पांढरा राहिला.' हे एवढंच बोलायचं होतं. चुका दाखवायचा मला पगार मिळतो. गठ्ठ्यात एक उत्तरपत्रिका कमी असली तर मी आख्ख्या केंद्राला थांबवून ठेवते. पण मी बोलले तर कागद पुन्हा उचलले जातील, पुन्हा मांडले जातील, आणि निळा पुन्हा जाईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"सगळे आहेत," मी म्हणाले.

"मग झालं तर," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी डबा उघडला.

त्यांचे हात आता थरथरत नव्हते.

नवरा दुपारी एकच्या सुमाराला आला. शर्टाची एक बाही खांद्यापासून फाटलेली. "काही नाही गं," हसत हसत म्हणाला. "मी लिफ्टच्या टपावर उभा होतो. कोण्या शहाण्याने खाली मेन स्विच चालू केला. लिफ्ट गेली ना वर! बाही अडकली, मी म्हटलं आता आपला चेंदामेंदा. आणि दोन फुटांवर आपोआप थांबली. का थांबली विचारशील तर मलाही माहीत नाही. तारा बघितल्या, ब्रेक बघितला. थांबायचं कारणच नव्हतं."

"किती वाजता?" मी विचारलं.

"नऊ, सव्वानऊ. का?"

"काही नाही. शर्ट काढून ठेव, शिवून देते."

त्याने होडी कानावर अडकवली आणि उभ्या उभ्याच पुडी संपवली. सासूबाई त्याच्याकडे बघत होत्या. तो खात असताना त्या नेहमीच बघायच्या, म्हणून त्याला काही वाटलं नाही.

दुपारी मी पुड्या वाटायला निघाले. शिंप्याने सदरा काचेच्या मागे लावला, तिथे मागच्या पाच वर्षांचे सदरे होतेच. शेवटी कंपाउंडरकाकांकडे गेले. त्यांनी पुडी हातात घेतली, उघडली नाही.

"यंदा किती मांडल्या?"

"सतरा."

"माणसं?"

मी पिशवी आवरू लागले. काकांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तिची साधी आहे ना?"

"आहे," मी म्हणाले. त्या दिवसातलं माझं दुसरं खोटं.

संध्याकाळी चहाला सगळे बसलो. सासूबाईंच्या बशीत काही नव्हतं. माझ्या लक्षात आलं तसं त्यांच्या मुलाच्याही आलं. तो लिफ्टमध्ये कुठला स्क्रू ढिला आहे ते लांबून ओळखतो, त्याला एवढं तर दिसणारच.

"आई, तुझी साधी पुडी?"

"मी मघाशीच खाल्ली."

"चहाच्या आधी? असं कधी केलंस?"

"म्हातारी झाले. दम निघत नाही आता," त्या म्हणाल्या. सगळे हसले. हसता हसता त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी चहात बघितलं. मग मला राहवलं नाही. मी माझी पुडी त्यांच्यापुढे सरकवली.

"आई, माझ्यातलं घ्या."

"नको गं," त्यांनी पुडी परत माझ्याकडे ढकलली. "तुझं कमी होईल."

तेविसाव्या दिवशी त्या गेल्या. दुपारी खिडकीत बसून संत्रं सोलत होत्या. बेडूकराव शाळेतून आली तेव्हा आजी बसलेलीच होती आणि मांडीवर साल पडली होती, कुठेही न तुटलेली, एक सलग. सोललेलं संत्रं हातात तसंच होतं. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, हृदय थकलं होतं, त्रास न होता गेल्या. सगळ्यांनी माना हलवल्या. कंपाउंडरकाका आले होते. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी त्यांना मारलं असं मी म्हणत नाही. सत्त्याहत्तर वर्षांचं माणूस जातंच. लिफ्टही कधीकधी आपोआप थांबत असेल. पण मला चार शब्द बोलायचे होते आणि मी बोलले नाही, आणि माझ्याकडून ते गिळलं जात नाही. वर्षभर मी स्वतःला एकच विचारत राहिले. त्या कोपऱ्यात निळा पडला तो त्यांच्या हातांनी टाकला, की त्यांनी? त्यांना माहीत नसेल तर मी त्यांना फसवलं. माहीत असेल तर 'सगळे आहेत ना' हे त्यांनी मला का विचारलं? नवऱ्याला हे सगळं सांगावं असं कितीदा मनात आलं. पण आईच्या जागी तू आहेस असं कोणत्या तोंडाने सांगणार? तो फाटका शर्ट मी शिवला आणि कपाटात तळाशी ठेवून दिला.

यंदा थंडी पडली. नवरा न सांगता संत्र्यांची पिशवी घेऊन आला आणि ओट्यावर ठेवून निघून गेला. मी साली भिजवल्या. पाणी बदललं, उकळल्या, पाकात मुरवल्या. पहिला घाणा जरा कडू झाला, दुसरा जमला. बिस्किटं एका बाजूने करपली. शिंपी खाईल मुकाट्याने.

कागद मात्र मी यादी करूनच मांडायचं ठरवलं होतं. सतरा नावांची यादी, फ्रिजवर लावलेली. असले हात नकोत मला, मी म्हटलं. यादीवर बोट ठेवीन, कागद ठेवीन, खूण करीन.

आज सकाळी बसले. मुलगी बाहेर अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती आणि मोठ्याने मोजत होती. "अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद..." मी खिडकीतून तिला ओरडून सांगितलं, की काल ताप होता, फार उड्या मारू नकोस. ती म्हणाली, "आई, शंभर होऊ दे गं." मी म्हटलं, बरं, शंभर. शंभर झाल्या, तेव्हा मी खाली बघितलं.

माझ्यासमोर कागद मांडलेले होते. यादी फ्रिजवरच होती. मी तिला हातही लावला नव्हता.

मोजायची गरज नव्हती, तरी मोजले. सोळा. खाकी होता, निळा होता. लाल माझ्या हाताशी, टेबलाच्या कोपऱ्यात होता.

हिरवा नव्हता.

मला वाटलं होतं, असं काही झालं तर मी किंचाळेन, फोन करेन, तिला ओढत डॉक्टरांकडे नेईन. तसं काही झालं नाही. स्वयंपाकघरात सालींचा वास होता, घड्याळ चालू होतं. मला एकदम आईंचं ते 'सगळे आहेत ना' ऐकू आलं, आणि आज त्याचा अर्थ लागला. त्या मला तपासायला सांगत नव्हत्या. मुलाचा कागद आता टेबलावर आहे, एवढं त्यांना दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायचं होतं. तेवढंच त्यांना हवं होतं, आणि ते मी त्यांना दिलं होतं.

मी लाल कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि डब्याखाली सरकवला. गठ्ठ्यातून एक हिरवा घेतला आणि त्या जागी ठेवला. वाढवला नाही, बदलला; सोळाचे सोळाच. मग त्यावर दोन बिस्किटं आणि साली, नेहमीपेक्षा जरा जास्तच. पहिली पुडी त्याचीच बांधली.

बेडकाची घडी अवघड असते. मागचे पाय नीट दुमडले नाहीत तर तो नुसता बसून राहतो. मी दोनदा उलगडून पुन्हा घातली. ती घाम पुसत आत आली आणि टेबलावर वाकली.

"अय्या, माझी पहिली! आणि तुझी कुठाय? लाल दिसत नाही."

"माझी मी मघाशीच खाल्ली."

"पुडी न बांधताच? हावरट!"

"हो ना," मी म्हणाले. "बघ, सगळे आहेत ना?"

तिने कागदांवरून बोट फिरवलं. "आहेत की."

मी बेडकाच्या पाठीवर बोट दाबलं आणि सोडलं. टेबल ओलांडून तो थेट तिच्या हातात गेला.